राउटरच्या खोक्यावरील दिशाभूल करणाऱ्या आकड्याबाबत तक्रार

दि. १५ मे २०२५
कराड, जि. सातारा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : २०० एमबीपीएसच्या (सेकंदाला २०० मेगाबिट वेगाच्या) जोडणीवर निम्माच वेग देणारा आपला 'एसी १२००' राउटर बदलून मिळणे किंवा पैसे परत मिळणे.

महोदय/महोदया,

मागच्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दिवशी, मी आपल्या कंपनीचा वायफाय राउटर येथील दुकानातून १,८९९ रुपयांना घेतला. मी आणि माझे पती लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करतो. तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम सुरू होतो आणि चित्रीकरण रातोरात पुण्याच्या एडिटरकडे पाठवावं लागतं. एकेका लग्नाच्या फाइली १०० जीबीच्या घरात जातात. त्यासाठीच आम्ही फायबरचा १०० चा प्लॅन सोडून २०० चा घेतला होता. दुकानदाराला मी स्पष्ट विचारलं होतं, "२०० चा प्लॅन आहे, हा पुरेल ना?" त्याने खोक्यावरचा ठळक आकडा दाखवला. "ताई, हा बाराशेचा आहे. दोनशेचं काय घेऊन बसलात!"

त्या दिवसापासून आजवर आम्हाला ९४ च्या वर वेग मिळालेला नाही.

आधी आम्ही दोष दिला तो इंटरनेटवाल्यांना. त्यांचा लाइनमन बिचारा तीनदा आला, आणि तिसऱ्या खेपेला तर मी त्याला नको ते बोलले. त्याने शांतपणे राउटर बाजूला काढला आणि लॅपटॉपची केबल थेट फायबरच्या पांढऱ्या डब्यात लावली. वेग २०० भरला. तीच केबल, तोच लॅपटॉप पुन्हा तुमच्या राउटरला लावल्यावर ९४. त्या माणसाची मी माफी मागितली आहे. ती वेळ माझ्यावर तुमच्या खोक्यामुळे आली.

यानंतर तुमच्या हेल्पलाइनला चार फोन केले. राउटर बंद-चालू करा, वायफायचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर ठेवा, सगळं पुसून नव्याने सेटिंग करा, केबल बदला. सगळं केलं. जास्त वेग पेलणारी कॅट-६ची नवी केबलसुद्धा विकत आणली. चौथ्या फोनला मात्र तुमच्या प्रतिनिधीने खरं काय ते सांगितलं : या मॉडेलचा इंटरनेट आत घेणारा पोर्टच, म्हणजे केबल लावायची खाचच, १०० एमबीपीएसची आहे. म्हणजे आधीचे सगळे सल्ले व्यर्थ होते, आणि पहिल्याच फोनवर माझा प्लॅन विचारला असता तर हे तेव्हाच कळलं असतं.

आता बाराशेचा हिशेब पाहू. राउटरचे वायफाय दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालते : २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, बेरीज ११६७, ती वर ओढून १२००. लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर चालतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. राउटरशेजारी बसल्यावर लॅपटॉप जोडणीचा वेग ८६६ दाखवतो, म्हणून तर आम्ही इतके दिवस राउटरवर संशयच घेतला नाही. गच्चीवर बाराशे लिटरची टाकी बसवायची आणि तिच्यात पाणी अर्ध्या इंची नळाने सोडायचं, असा हा प्रकार आहे. रेंज चांगली आहे, स्वयंपाकघरापर्यंत पोचते, हे मी मान्य करते. पण आत येतानाच वेग अडतो, तिथे रेंज काय करणार?

पोर्टची माहिती खोक्यावर आहे, असं तुमच्या ईमेलमध्ये लिहिलं आहे. आहे, खोक्याच्या तळाशी, बारीक अक्षरात : 'फास्ट इथरनेट, १०/१००', म्हणजे पोर्टचा वेग १० किंवा १०० एमबीपीएस. हे 'फास्ट' नाव १९९५ सालच्या मानकाचं आहे. तेव्हा १०० हा वेग मोठा होता. आज घरोघरी १०० च्या वरचे फायबर प्लॅन विकले जात असताना सामान्य ग्राहकाने 'फास्ट' या शब्दाचा अर्थ काय घ्यावा?

त्याच ईमेलमध्ये, उत्पादनात बिघाड नसल्याने वॉरंटी लागू होत नाही, असंही म्हटलं आहे. बिघाड आहे असं मी म्हणतच नाही. खोटेपणा आहे तो पुढच्या बाजूच्या आकड्यात. १०० जीबी पाठवायला २०० च्या वेगाने सव्वा तास पुरतो, आम्हाला जवळजवळ अडीच तास लागत आले. दोन्ही प्लॅनमध्ये महिन्याला २०० रुपयांचा फरक आहे, म्हणजे सात महिन्यांचे १,४०० रुपये न मिळालेल्या वेगासाठी गेले. हंगामातल्या जागरणांचा हिशेब मी लावत नाही.

माझी मागणी अशी की गिगाबिट (१,००० एमबीपीएस) पोर्टचं मॉडेल बदलून द्यावं, किमतीतला फरक मी भरेन. ते जमत नसेल तर १,८९९ रुपये परत करावेत. वाया गेलेले १,४०० रुपये दोन्ही बाबतीत मिळावेत. शिवाय पोर्टचा वेग खोक्याच्या पुढच्या बाजूला, बाराशे इतक्याच मोठ्या अक्षरात छापावा आणि दुकानदारांनाही तसं कळवावं. ही शेवटची मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्याच गल्लीत आणखी दोघांनी हाच राउटर घेतला आहे, आणि त्यातल्या एकाला तो घ्यायला मीच सांगितलं होतं.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सातारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

बिलाची प्रत, दोन्ही वेगचाचण्यांचे फोटो, खोक्याच्या पुढच्या व तळाच्या बाजूचे फोटो आणि तुमचा ईमेल सोबत जोडला आहे. राउटर मूळ खोक्यात ठेवला आहे. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा, लग्नाच्या तारखांना आम्ही घरी नसतो.

आपली,
(सही)