‘मूळ डायल’ सांगून विकलेल्या जुन्या एचएमटी सोना घड्याळाबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय : वर्णनाप्रमाणे नसलेले घड्याळ परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ३ फेब्रुवारी रोजी ३,८५० रुपयांना एक जुने एचएमटी सोना घड्याळ घेतले. ते आपण दिलेल्या वर्णनाशी जुळत नाही, म्हणून ही लेखी तक्रार करत आहे.

मी साताऱ्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर फळ्यावर लिहावे लागत असल्याने जाड घड्याळ सारखे बाहीत अडकते, त्यामुळे मला रोजच्या वापरासाठी पातळ पण टिकाऊ घड्याळ हवे होते. नवे घ्यायचे तर टायटन एज समोर होते; त्याची एकूण जाडी अवघी ३.५ मिलिमीटर आहे. तरीही मी सोना निवडले, कारण ते चावीचे आहे. स्वयंचलित घड्याळात हाताच्या हालचालीने चावी देणारे फिरते वजन असते, ते त्यात नसल्याने ते मुळातच सडपातळ असते, आणि वेळच्या वेळी साफसफाई व तेलपाणी केले तर सेलशिवाय वर्षानुवर्षे चालते. माझ्या वडिलांचे एचएमटी जनता असेच तीस वर्षे चालले; सकाळी पूजा आटोपली की त्याला चावी देण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आता बाजारात मिळणाऱ्या जुन्या घड्याळांपैकी अनेकांच्या डायलवर नव्याने रंग आणि छपाई केलेली असते. हे ठाऊक असल्यामुळेच मी हजार-बाराशेची घड्याळे सोडून आपल्याकडे तिप्पट किंमत मोजली, कारण आपल्या वर्णनात ‘मूळ डायल, संपूर्ण सर्व्हिस केलेले, छायाचित्रात दिसते तेच घड्याळ मिळेल’ असे स्पष्ट लिहिले होते.

घड्याळ हाती आले त्या दिवसापासून ते रोज सुमारे चौदा मिनिटे मागे पडते. जुन्या घड्याळात मिनिट-दीड मिनिटाचा फरक मी आनंदाने चालवून घेतला असता, पण ७.२० ची घंटा ज्याच्या भरवशावर गाठायची, त्या घड्याळाची चौदा मिनिटे कशी सोसावीत? म्हणून मी ते आमच्या ओळखीच्या घड्याळजींना दाखवले. त्यांनी मागचे झाकण उघडताच आतले तेल वाळून काळे पडलेले दिसले. डायल सुटा केल्यावर त्याचे मागचे दोन्ही पाय (डायल यंत्राला घट्ट बसवणाऱ्या बारीक खुंट्या) तुटलेले असून तो गोंदाने चिकटवल्याचे आढळले. भिंगातून मी स्वतः पाहिले : चार आणि पाच या अंकांमध्ये मिनिटांच्या चार रेघा असायला हव्यात, तिथे पाच आहेत, म्हणजे डायलवरची छपाई मूळ नाही, नंतर केलेली आहे. आपल्या संकेतस्थळावरील छायाचित्र मोठे करून पाहिले, तर त्यात त्या जागी चारच रेघा आहेत. याचा अर्थ सरळ आहे : छायाचित्र एका घड्याळाचे आणि पाठवले दुसरेच.

आपल्या ग्राहक सेवा विभागाने मला ‘जुन्या घड्याळात एवढे चालायचेच’ असे उत्तर दिले, ते मला अजिबात मान्य नाही. घड्याळ जुने असण्याबद्दल माझी तक्रारच नाही; जुने आहे म्हणूनच तर मी ते घेतले. रंगवलेला डायल मूळ म्हणून विकला, न केलेली सर्व्हिस केली म्हणून सांगितले आणि दाखवले ते घड्याळ दिले नाही, ही माझी तक्रार आहे.

तरी आपण हे घड्याळ आपल्या खर्चाने परत न्यावे, ३,८५० रुपये व घड्याळजींना दिलेले १५० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत आणि हेच घड्याळ पुन्हा विक्रीस ठेवताना डायल रंगवलेला असल्याचे ठळकपणे नमूद करावे. ई-कॉमर्सविषयक २०२० च्या नियमांनुसार आपण या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिलाची प्रत, डायलच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि आपल्या संकेतस्थळावरील जाहिरातीची छापील प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक बिलाप्रमाणे)