रक्ताची काटापट्टी द्या : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की नाही. पण हे पत्र मानधनासाठी नाही. त्याची फाईल वेगळी आहे आणि ती कुठल्या टेबलावर निजली आहे ते तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आमच्याकडे कापसाची गाडी जिनिंगवर गेली की आधी काट्यावर चढते. वजन होतं, शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी पडते. चुकारा महिन्यानं येवो, पट्टी त्याच दिवशी मिळते. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या भागातल्या एका गावानं रक्त दिलं, थुंकी दिली, डोक्याला तारा लावून घेतल्या, कर्जापासून झोपेपर्यंत घरातलं सगळं सांगितलं. त्याची पट्टी अजून यायची आहे.

आले होते एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचे लोक. नाव घेत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. मानसशास्त्रवाले, मेंदूवाले, जनुकवाले आणि संगणकवाले असा चौघांचा मेळ होता. ताण माणसाच्या मनात, मेंदूत आणि झोपेत कसा दिसतो आणि जनुकांचा त्यात वाटा किती, हे एकाच माणसात एकाच वेळी मोजायचं होतं. कल्पना उत्तमच. मी वर्गात या चार गोष्टी चार वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकवते, त्या एका ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आलेल्या पाहून मला खरोखर आनंद झाला होता. मला दुभाषी म्हणून रोजानं घेतलं.

पहिल्याच दिवशी मेंदूच्या लहरी मोजणारी टोपी अडली. टाळूला तेल असेल तर इलेक्ट्रोड नीट लागत नाहीत. आमच्या बाया चांगलं चोपडून, वेणी घालून आल्या होत्या. सात जणींना परत पाठवलं, उद्या शाम्पूनं केस धुवून या म्हणाले. गावात नळ दोन दिवसांआड. उद्या नळाचा दिवस नव्हता आणि परवा निंदणाची मजुरी बुडत होती. सातपैकी दोघी परत आल्या. थुंकीच्या नळीचीही तीच गत. नमुन्याच्या आधी अर्धा तास तोंडात काही नको, आणि आमच्या पुरुषांच्या गालात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. अर्धा तास खर्रा सोडा म्हटल्यावर हॉल निम्मा रिकामा झाला.

झोप मोजायला बायांच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं. एका बाईला रात्री दोनपर्यंत झोप नाही असं त्यात आठवडाभर दिसत होतं. ती बिचारी नऊलाच गाढ. जागा होता तिचा पोरगा, तिच्या फोनवर गेम खेळत. घरात चालू फोन एकच. हे मी सांगितलं तेव्हा नोंद दुरुस्त झाली. आणखी किती पोरांची जागरणं आयांच्या खात्यावर जमा झाली असतील, देव जाणे.

प्रश्नावलीचं तर विचारू नका. नैराश्य मोजायला जगभर वापरतात ती नऊ प्रश्नांची चाचणी होती. तिच्यात एक प्रश्न पेपर वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागतं का, असा आहे. एक आजी म्हणाली, ‘पेपर तं मले वाचताच येत नाही, अन् टीवी पाहाले लाइन कोठी रायते?’ आपण अपयशी आहोत असं वाटतं का, या प्रश्नावर म्हणाली, ‘फेल तं पोरगं झालं होतं दहावीत, मी कायले होऊ?’ कागदावर तिचे गुण निरोगी माणसाचे आले. उठताना दाराशी थांबून मला म्हणाली, ‘करमत नाही बाई, जीव उडून गेला हाय.’ तिचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता. कसा गेला ते मी लिहायला नको. या वाक्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. शेजारच्या पोडावरचे, म्हणजे पाड्यावरचे, कोलाम आदिवासी तर मराठीही अडखळत बोलतात, आणि त्यांची संमती दोन पानी छापील मराठीवर अंगठ्यानं घेतली गेली.

दोन वर्षांनी शोधनिबंध छापून आला. वाचायला डॉलर मागत होते, एका विद्यार्थ्यानं कसाबसा मिळवून दिला. त्यात आमचं गाव ‘मध्य भारतातील अल्प उत्पन्न ग्रामीण समूह’ झालं होतं. ऑगस्टचा उल्लेख नव्हता, आणि इथे मला थोडं रागवायचं आहे.

2013 मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला. त्याच शेतकऱ्यांची तर्कबुद्धी आणि एकाग्रता पैसे येण्याआधी आणि आल्यानंतर अशी दोनदा तपासली, तर हातात पैसा आल्यावर तीच माणसं चाचण्यांत बरी ठरली. डोकं तेच, त्यावरचं ओझं उतरलेलं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृषी केंद्राची उधारी चढलेली असते आणि बोंडअळीची धास्ती असते. तेव्हाचं एकदाच मोजलेलं डोकं कायमचं समजायचं आणि शेजारी जनुकांचा तक्ता ठेवायचा, याला मी शास्त्र म्हणणार नाही. जनुकांबद्दल तर फारच सांभाळून बोलावं लागतं. 2003 मध्ये ताण आणि नैराश्याचा सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका जनुकाशी संबंध लावणारा निबंध जगभर गाजला. 2019 मध्ये असली 18 नावाजलेली जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा त्यांचं पारडं इतर कुठल्याही जनुकापेक्षा जड भरलं नाही. उद्या कोणी विदर्भाच्या आत्महत्या रक्तात शोधल्या, तर कापसाचा भाव आणि सावकार दोघेही सुटतील. सरकारही सुटेल, पण ते तुम्हाला आवडणार नाही असं मी धरून चालते.

साहेब, थुंकीची नळी एकदा फ्रीजरमध्ये गेली की ती कुणाची? अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी 1990 पासून तिथल्या विद्यापीठाला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढे कळलं की तेच रक्त स्किझोफ्रेनियासाठी आणि त्यांचे पूर्वज कुठून आले हे शोधण्यासाठीही वापरलं गेलं. ते कोर्टात गेले. 2010 मध्ये तडजोड झाली, 7 लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्तही परत मिळालं. आमच्या पोडावरचा माणूस कोर्टात जाणार नाही. पुढच्या वेळी फक्त दार लावून घेईल, आणि मग आरोग्यसेविका आली तरी उघडणार नाही.

मी संशोधनाच्या विरोधात नाही, उलट मला ते जास्त हवं आहे. 2017 मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ऑर्गनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं मज्जातंतूंमधलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात, माणूस घामाघूम होतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. ही औषधं शरीरात मोडणारं पीओएन-1 नावाचं जनुक प्रत्येकात सारखं काम करत नाही. मग वर्षानुवर्षं पंप पाठीवर घेणाऱ्याची चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी यात औषधाचा वाटा किती आणि कर्जाचा किती? मन, मेंदू, जनुक आणि यंत्र चारही लागतील असा हा प्रश्न आहे, आणि तो आमच्या धुऱ्यावर उभा आहे.

दुसरा प्रश्न शाळेतला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात घराघरात माहीत आहे. पण या आजारात मेंदूचा रक्तपुरवठा तुटून बारीक, न कळणारे झटके येऊन जातात हे शिक्षकांना कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांत सहा वर्षांच्या आतच त्यांच्या खुणा सापडल्या. पोरगं गणितात मागे पडतं आणि आपण त्याला ढ म्हणून शेवटच्या बाकावर बसवतो. कानशिलाजवळ यंत्र धरून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. तो सेकंदाला 200 सेंटिमीटरच्या वर गेला की मोठ्या झटक्याचा धोका असतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर तो कितीतरी कमी होतो, हे 1998 पासून माहीत आहे. भारतातल्या सिकलसेलची जनुकीय ठेवण आफ्रिकन वंशाच्या मुलांपेक्षा वेगळी, म्हणून तिथले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इथेच मोजावे लागतील. 2047 पर्यंत सिकलसेल हटवण्याचं केंद्राचं अभियान 2023 पासून चालू आहे. कार्डं वाटली जात आहेत, पण त्या मुलाच्या पाटी-पेन्सिलीकडे कोण बघणार?

गावाला काही देऊन जाणारं काम होऊ शकतं, हे विदर्भानंच दाखवलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानं गावातलीच माणसं शिकवून तयार केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्के होते, ते 18 महिन्यांत 27.2 टक्के झाले. आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचे गावकरी कित्येक वर्षांपासून अभ्यासगटात बाहेरच्या जाणकारांसोबत मांडी घालून बसतात.

तर माझं मागणं एवढंच. विद्यापीठांना पैसे देताना अट घाला. नमुने घेतले त्या दिवशी गावाला लेखी पट्टी मिळावी : काय घेतलं, किती घेतलं, कुठे ठेवणार, कशासाठी आणि कधीपर्यंत. दुसऱ्या कामाला वापरायचं तर पुन्हा गावात येऊन विचारावं. निबंध छापायच्या आधी निष्कर्ष ग्रामसभेत, तिथल्या बोलीत सांगावेत आणि गावाचं म्हणणं ऐकावं. अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांना अशा कामात भागीदार करा, नुसते गाडी आणि दुभाषी पुरवणारे नकोत. प्रश्न ठरवतानाच आम्ही खोलीत असलो, तर तेलाची आणि खर्ऱ्याची अडचण यंत्र विकत घेण्याआधीच कळेल.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका,
जि. यवतमाळ

ता. क. : त्या विद्यापीठाला निष्कर्ष सांगायला पाठवलंत तर सोमवार टाळा, आमच्याकडे बाजार असतो. आणि टोपी पुन्हा आणणार असतील तर आधी नळाचा दिवस विचारून घ्या म्हणावं.