आधी पिट वाचा, मग फ्लॅश करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कंपनीचे अपडेट बंद झालेल्या जुन्या सॅमसंग फोनवर लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारित मुक्तस्रोत प्रणाली टाकायची तर संगणकावरून फोनमध्ये इमेज लिहिणारे, म्हणजे फ्लॅश करणारे हाइमडॉल हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. लिनक्स, मॅक, विंडोज, तिन्हींवर ते चालते. फोन बिघडला की खापर याच्यावर फुटते. चूक मात्र बहुधा दुसऱ्या मॉडेलची कमांड जशीच्या तशी उतरवल्याची असते.

फोन डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे संगणकाकडून इमेज घेण्याच्या अवस्थेत नेऊन आधी 'हाइमडॉल प्रिंट-पिट' ही कमांड चालवा. पिट म्हणजे फोनमधल्या पार्टिशनचा, म्हणजे साठवणुकीतल्या कप्प्यांचा नकाशा. त्यात रिकव्हरीचे (नवी प्रणाली बसवण्यासाठी लागणाऱ्या छोट्या प्रणालीचे) नाव जसे दिसेल तसेच फ्लॅशच्या कमांडमध्ये द्यायचे. गॅलेक्सी एस-२ मध्ये तर रिकव्हरी कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) इमेजमध्येच असे; तिथे इतर फोनची कमांड कशी लागू पडणार? पिट वाचून झाल्यावर फोन रीस्टार्ट होतो, म्हणून पुन्हा डाउनलोड मोडमध्ये न्यावा लागतो. 'रिपार्टिशन' या पर्यायाला हात लावू नका. त्यात चुकीची पिट लिहिली गेली तर फोन डाउनलोड मोडमध्येही येईनासा होऊ शकतो.

विंडोजवर फोन ओळखला जात नसेल तर ड्रायव्हर तपासा. हाइमडॉल लिबयूएसबी या यूएसबी लायब्ररीमार्फत फोनशी बोलते, सॅमसंगचा ड्रायव्हर त्याला चालत नाही. फोन डाउनलोड मोडमध्ये असतानाच झाडिग हे ड्रायव्हर बदलण्याचे सॉफ्टवेअर उघडून त्याला विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा. लिनक्सवर अडले तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या व्यवस्थेचा) नियम घातला की सुटतो.

सर्वाधिक गोंधळ यानंतर होतो. फ्लॅश यशस्वी झाल्याचे दिसते, तरी उघडते ती जुनीच रिकव्हरी. कारण फोन एकदा मूळ प्रणालीत सुरू झाला की ती प्रणाली स्वतःची रिकव्हरी परत लिहिते. म्हणून कमांडला 'नो-रीबूट' जोडा. काम झाल्यावर आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण दाबून धरा. पडदा काळा होताक्षणी बोट आवाज वाढवण्याच्या बटणावर न्या. होमचे बटण असलेल्या फोनवर तेही सोबत दाबावे लागते. दोन-तीनदा चुकते, तेव्हा फ्लॅश पुन्हा करावे.

बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करताना फोनमधला सारा डेटा पुसला जातो, हे सगळे सांगतात. नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेबद्दल क्वचितच कोणी बोलते. नॉक्स असलेल्या फोनवर परकी इमेज चढली की आतला फ्यूज कायमचा उडतो आणि नॉक्सचा आकडा ०x० वरून ०x१ होतो. मूळ फर्मवेअर परत टाकले तरी तो मागे येत नाही, आणि सिक्युअर फोल्डर (खासगी फाइली कुलूपबंद ठेवण्याची सोय) त्या फोनवर पुन्हा चालत नाही.

आपला,
एक वाचक