भांड्यात कमी, ताटात पाहिजे तेवढं

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सखे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, आणि फोन करण्यापेक्षा लिहूनच काढावं म्हटलं, कारण फोनवर तू रडायला लागलीस की मी पण रडणार आणि स्वयंपाकाचं बोलायचं राहूनच जाणार. बडोद्याला सासरी गेल्यापासून तू रोज दोन-दोन स्वयंपाक करत होतीस, सासरच्यांची गूळ घातलेली आमटी वेगळी, तुझी वेगळी, आणि आता दमून तुझी करायचंच सोडून दिलंस, वरणभात खाऊन उठतेस म्हणे. हे ऐकून मला खरंच लई वाईट वाटलं गं. आपण दोघी शाळा सुटल्यावर खासबागेपाशी मिसळ खाणाऱ्या, कट परत मागून घेणाऱ्या, आणि तू आता रोज आळणी जेवायलीस.

तर आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. चूल एकच ठेव. दोन स्वयंपाक कुणाच्याच अंगाला झेपत नाहीत, आणि सगळ्यांत कमी खाणाऱ्याच्या मापानं अख्ख्या घराचं जेवण करणं हे पण मला पटत नाही. तिखट भांड्यातनं काढायचं आणि ताटात द्यायचं, बस. माझं लग्न झालं तेव्हा हे रत्नागिरीकडचे, आमसूल, ओलं खोबरं, मऊ भात असं सगळं सौम्य खाऊन वाढलेले, आंबा घाट चढून इकडं आले ते आमच्या आईच्या हातचा तांबडा रस्सा बघूनच गप्प झाले होते. त्यात मामंजींना डॉक्टरांनी तिखट कमी करायला सांगितलेलं, आणि आता लेक, तिला ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालत नाही. म्हणजे एका घरात चार तोंडं आणि चार तऱ्हा. तरी आमच्याकडं एकच स्वयंपाक होतो आणि मी माझं झणझणीत जेवते.

आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय की कोल्हापुरी म्हणजे मिरची. बाहेरचे पण तेच समजतात, कुठल्याही शहरात व्हेज कोल्हापुरी मागवलं की लालभडक काहीतरी आणून देतात. पण तू शांतपणे आठव, आपल्या घरात शिरल्या शिरल्या वास कशाचा यायचा? भाजलेल्या कांद्याचा आणि सुक्या खोबऱ्याचा. कांदा पार काळपट होईस्तोवर भाजलेला, खोबरं खरपूस, त्यात लसूण, आलं, तीळ, थोडी खसखस, कोथिंबीर. चव त्या वाटणात आहे बाई! मिरची त्याच्या वरनं येते. म्हणून मिरची काढली तरी वाटण सोडू नकोस. तू घाबरून वाटणच बंद केलंस ना, तिथंच सगळं फिकं झालं. मटकीची उसळ असू दे, अख्खा मसूर असू दे, वाटण पूर्ण घाल, चटणी, म्हणजे आपलं कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट, नावाला अर्धा चमचा, रंगापुरती, आणि शिजव. एवढं तुझ्या सासूबाई पण खातील, मला खात्री आहे.

मग तुझं तिखट. लहान कढल्यात तेल तापव, लसूण ठेचून टाक, लाल झाला की गॅस बंद कर, तेल जरा निवू दे आणि मग आपली कांदा-लसूण चटणी घाल, लगेच चमचा दोन चमचे पाणी मार. कडकडीत तेलात घातलीस तर चटणी करपून काळी पडते, कडवट लागते आणि घरभर ठसका, मग सगळे तुझ्याच नावानं खोकणार. हा झाला तुझा कट. वाटीत काढून टेबलावर ठेव. ज्याला पाहिजे तो घेईल, तू मात्र पोटभर घे. पिठल्यावर घे, आमटीवर घे, साध्या वरणावर घेऊन बघ एकदा, काय लागतं!

आणि ही काही तडजोड नाही हं, आपल्याकडं हे आधीपासूनच असं चाललंय. मिसळीच्या गाड्यावर बघ, उसळ, फरसाण, कांदा आणि कट वेगवेगळा, गिऱ्हाईक बघून कट ओततात, आणि सोबत स्लाइस ब्रेड. मटणाचं तर काय सांगू. एकाच पातेल्यात हळद-मीठ-आलं-लसूण लावून मटण शिजवायचं, ते आळणी पाणी अर्धं इकडं अर्धं तिकडं. एकात भाजकं वाटण आणि चटणी पडली की तांबडा, दुसऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, मिरी, वेलदोडे पडले की पांढरा. पोरंबाळं, म्हातारी माणसं पांढरा पितात, बाकीचे दोन्ही. ज्यानं कुणी ही पद्धत पाडली त्याच्या घरात पण कुणीतरी न खाणारं असणारच, असं मला नेहमी वाटतं. तुमच्यात मटण होत नाही माहितीय, पण युक्ती तीच, आधी आळणी आणि मग वाटणी. (तू कधी इकडं येऊन केलास तर लक्षात ठेव, नारळाचं दूध घातल्यावर पांढरा रस्सा खळखळ उकळायचा नाही, फुटतो.)

आता मिरचीचं जरा नीट सांगते कारण तू म्हणालीस तिकडची चटणी घातली की एकतर रंग येत नाही नाहीतर डोळ्यातनं पाणी येतं. मिरची मिरचीत फरक आहे. ब्याडगी, ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली सुरकुतलेली, तिचा रंग गडद आणि तिखटपणा कमी. आपली संकेश्वरी, गडहिंग्लजच्या बाजारात येते ती लांब बारीक, तिला तिखटपण भारी. लवंगी तर विचारूच नको. आई निम्मी ब्याडगी निम्मी संकेश्वरी घेते, मी तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी करते, लवंगी अजिबात नाही. यंदा पण लक्ष्मीपुरीतनं मिरच्या आणल्या, गच्चीवर वाळवल्या, देठं काढली, डंकावर नेऊन कुटून आणली. रंग असा आलाय की हे ताटात बघून दचकतात आणि खाऊन म्हणतात, अरे हे तर चालतंय. तुला सुकी मिरची घरात वापरायची असेल तर पोटातल्या पांढऱ्या शिरा काढ, खरा जाळ तिथं असतो, बियांत नाही, बी शिराला चिकटलेली असते म्हणून ती तिखट लागते.

आणखी एक गोष्ट मी वाचली आणि मला ती लई कामाला आली. तिखट ही खरं तर चवच नाही. मिरचीतला जो पदार्थ आहे तो जिभेवरच्या ज्या जागी लागतो ती जागा मुळात भाजल्याची खबर देणारी आहे, साधारण ४३ अंशांच्या वर गरम लागलं की तीच जागी होते. डेव्हिड ज्युलियस म्हणून शास्त्रज्ञानं हे मिरचीच्याच मदतीनं शोधलं आणि त्याला २०२१ चं नोबेल मिळालं, दुसऱ्या एकाबरोबर वाटून. म्हणजे बघ, तिखट आणि वाफाळतं एकदम दिलं की दोन्हीकडनं जाळ. तेव्हापासनं मी मामंजींची वाटी आधी वाढून ठेवते, कोमट होऊ देते. आणि घरातलं कुणी भाजलं म्हणून ओरडलं तर पाणी देऊ नकोस, त्यानं काही होत नाही, तो पदार्थ पाण्यात विरघळतच नाही. दूध, दही, तूप, असलं काहीतरी दे. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांच्या गावात वाढलेल्या आपल्याला हे कुणी सांगायला पाहिजे असं नाही, पण पटकन आठवत नाही.

आणि सवय लागते गं. माणूस थोडं थोडं खात गेला की ती भाजल्याची जाणीवच बोथट होत जाते. ह्यांना मी कधी खा म्हणून मागे लागले नाही, वाटी समोर असायची एवढंच, आणि हळूहळू हात आपणहून वाटीकडं जायला लागला. आता भडंग खाताना लसूण वेचून खातात. माणसाला जबरदस्ती केली की तो त्या पदार्थावरच राग धरतो आणि मग आयुष्यभर तोंड फिरवतो.

नुसतं "आवडत नाही" ह्या शब्दावर थांबू नकोस, हे मात्र मला तुला ठासून सांगायचंय. काय आवडत नाही ते विचार. वास? रंग? दाताखाली येतं ते? ह्यांना वांगं चालत नव्हतं, मी धरून चालले होते की चवच नको असणार. एकदा निवांत असताना विचारलं तर म्हणाले गिळगिळीत लागतं. मग काय, गोल काप केले, मीठ-हळद-चटणी लावली, रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत केले, ताटलीभर संपले. मेथी-कारल्याचं वेगळं, काही माणसांना कडू जन्मतःच जास्त लागतं, ती नाटकं करत नसतात, तिथं हट्ट धरायचा नाही. त्या दिवशी दुसरी एखादी साधी कोशिंबीर असली की भागतं.

लेकीबद्दल विचारलंस. तिचं मी उसळ फोडणीला टाकायच्या आधी मोड आलेली शिजवलेली मटकी वाटीभर बाजूला काढते, मीठ, लिंबू, तूप. भाकरी वेगळी, भात वेगळा, आजऱ्याचा घनसाळ केला तर नुसता तूप-मीठ घालून खाते, वासावरच खूश. नवीन भाजी असली तर ताटाच्या कडेला चिमूटभर, खा म्हणत नाही. लहान पोरांच्या तोंडाला नवीन पदार्थ बसायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा समोर यावा लागतो आणि पोरीनं दोनदा नाही म्हटलं की आपण "ती खात नाही" असं जाहीर करून मोकळं होतो. काय वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते तिनं ठरवायचं, एवढं पाळलं की जेवताना भांडणं होत नाहीत. रविवारी कपिलतीर्थ मार्केटला नेते, भाजी तिला निवडायला लावते. दोडका तिनं स्वतः निवडला म्हणून खाल्ला, दुसरं काही कारण नाही.

आता जे मला खरं बोलायचंय ते. माझ्या आईला काय आवडतं हे मला ती साठीला आल्यावर कळलं. शेपूची भाजी. बाबांना शेपूचा वास सहन होत नाही म्हणून आमच्या घरात ती कधी शिजलीच नाही, लग्नानंतर तिनं ती सोडलीच. कुणी मनाई केली नव्हती, कुणी भांडलं नव्हतं, नुसती गप्प बंद झाली. ती माझ्याकडं आली होती आणि शेजारच्या काकूंनी मूगडाळ घालून केलेली शेपू आणून दिली, आई दोन भाकरी खाऊन उठली आणि म्हणाली किती वर्षांनी खाल्ली गं. मला जेवण गेलं नाही. तुझा मेसेज ऐकताना मला तेच आठवत होतं. प्रेमानं माणूस दुसऱ्याच्या तोंडाचं करतो ते चांगलंच आहे, मी पण करते, पण रांधणाऱ्या बाईचं तोंड त्या हिशोबात धरायलाच पाहिजे. तू उपाशी मनानं वाढलेलं अन्न त्यांच्या तरी काय अंगी लागणार. नवऱ्याला हे सांग. तक्रार म्हणून नको, सरळ सांग की मला माझं जेवण पाहिजे आणि मी ते ह्याच स्वयंपाकातनं काढणार आहे, तुला काही त्रास नाही. तो समजून घेईल, तुझ्या लग्नात मी त्याला बघितलंय, समंजस आहे.

सासूबाईंची गोड आमटी पण शिकून घे, मनापासून. त्यांचं घर मराठीच आहे पण किती पिढ्या बडोद्यात गेल्या, त्यांच्या तोंडाला तो गूळ बसलाय, आणि त्यांना पण वाटत असणार की नवीन सून आली, आपली चव जाणार. त्यांच्या शेजारी उभी राहून विचार, गूळ कधी घालता, किती घालता. मी तुला आपला गूळ पाठवतेय, आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तेवढं त्यांना सांग आणि त्यांच्याच हातानं आमटीत घालू दे. त्यांची आमटी आणि शेजारी तुझी कटाची वाटी, एका टेबलावर. तू घेताना त्या बघतीलच, बोट लावून पण बघतील.

पार्सलमध्ये दोन बरण्या आहेत. मोठी माझी, ब्याडगी जास्त असलेली, ती घरच्या स्वयंपाकाला वापर. छोटी आईची, ती फक्त तुझी, कुणाला भांड्यात घालू देऊ नकोस. चटणीत कांदा आहे म्हणून ओला चमचा लावायचा नाही, लागेल तेवढी बाहेर छोट्या डब्यात काढून बाकीची फ्रीजमध्ये ठेव, बडोद्याचा उन्हाळा इकडच्यापेक्षा कडक. गूळ पावसाळ्याच्या आत संपव, नाहीतर पाझरतो. आणि पहिल्यांदा काय केलंस, कुणी काय खाल्लं, सगळं कळव, फोटोसकट.

तुझीच