वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातली सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिराची बातमी वाचून रात्रभर चैन पडली नाही. वाहक आणि रुग्ण यांची बेरीज करून तुम्ही मथळ्यात सरसकट 'रुग्ण' छापले. त्या एका शब्दाने काय होते, ते आमच्या घराने भोगले आहे.

माझी पुतणी एएस पॅटर्नची, म्हणजे वाहक. आई किंवा वडील, एकाकडूनच सदोष जनुक आलेले. तिला त्रास नाही, औषध नाही. दोघांकडूनही ते जनुक आले तर एसएस, तो रुग्ण. त्याचे हातपाय ठणकतात, रक्त कमी होते, दवाखान्यात भरती व्हावे लागते. गेल्या वर्षी पुतणीच्या साक्षगंधाची तारीख निघाली होती. आम्ही काही लपवले नाही, तिचे वाहक असल्याचे पिवळे कार्ड आपण होऊन दाखवले. मुलाचा अहवाल एए, म्हणजे पूर्ण निर्दोष. त्या जोडप्याला एसएस मूल होण्याची भीतीच नव्हती. दोघेही एएस असते तर प्रत्येक खेपेस २५ टक्के धोका होता. लग्नाआधी विचार करायचा तो तिथे. मी अहवालाच्या पाठीवर पेनाने चौकोन आखून हे सगळे समजावले. मुलाच्या मामांनी खिशातून एका वर्तमानपत्राचे कात्रण काढले आणि म्हणाले, "पेपरात तर रुग्ण लिहिलं आहे." सोयरीक मोडली. आता तिची धाकटी बहीण तपासणीलाच तयार नाही. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा असे सरकारने २०२३ मध्ये ठरवले, पण पोरी अशा धास्तावल्या तर तपासणीला येणार कोण?

आणखी एक. शिबिरात पहिली होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती 'पॉझिटिव्ह' आली तरी एएस की एसएस हे त्यातून कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. त्याआधी कोणाला रुग्ण ठरवू नका. आणि हे अहवाल इंग्रजीतच का देतात? ज्याच्या हातात कागद पडतो त्याला तो वाचता यायला नको का?

दुरुस्ती छापावी ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. बातमी जिथे होती तिथेच, मथळ्याच्याच टायपात छापा.

आपला वाचक,
उत्तर नागपूर