कबुलीआधी वकील द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यातल्या एका बदलाची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ नुसार ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणं सत्र न्यायालयातल्या खटल्यापुरतंच बंधनकारक होतं. नव्या कलम ३४१ मध्ये नुसतं 'न्यायालय' म्हटलं आहे. म्हणजे तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर किरकोळ गुन्ह्यासाठी उभ्या राहणाऱ्या गरिबालाही वकील मिळायलाच हवा.

माझी सगळी नोकरी तालुका कोर्टात गेली. जुगार, दारू, शिवीगाळ, भुरटी चोरी अशा खटल्यांचा पुकारा झाला की आरोपी एकटाच पुढे येतो. दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या समन्स खटल्यात रीतसर दोषारोपही ठेवावा लागत नाही. आरोप थोडक्यात सांगायचा आणि गुन्हा कबूल आहे का, ते विचारायचं. तोवर बाहेर व्हरांड्यात कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, "हो म्हण, दंड भर आणि सूट. नाहीतर तारखांना खेपा घालत बसशील." रोज बुडतो म्हणून तो हो म्हणतो.

त्या कबुलीनंतर अपिलाची वाट जवळपास बंद होते. शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढंच वरच्या कोर्टात मांडता येतं. पुढे वॉचमनच्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करायची वेळ आली की ही शिक्षा आडवी येते. गावात काही चोरीला गेलं की पोलीस आधी त्याच्याच दारात. पारधी वस्तीवर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, संशय मात्र राहिला.

वकील असता तर त्याने काय केलं असतं? कदाचित तडजोड घडवली असती. पुरावा तोकडा आहे हे दाखवलं असतं. गुन्हा खरोखर घडलेला असला, तरी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती केली असती. त्या कायद्याचं कलम १२ फार मोलाचं आहे, कारण अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे कलम आरोपीला माहीत असण्याची शक्यता किती?

"त्याने वकील मागितलाच नाही" हे उत्तर तर चालणारच नाही. सुक दास खटल्यात आरोपींना धमकी दिल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांनी वकील मागितला नव्हता आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ती शिक्षा रद्द केली. २०१२ च्या कसाब निकालात तर आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावरच या हक्काची जाणीव करून देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य ठरवलं आणि त्यात कसूर झाल्यास खातेनिहाय कारवाई होऊ शकेल, असंही बजावलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये, फ्लोरिडातल्या अर्गरसिंगर या माणसाच्या ९० दिवसांच्या कैदेच्या प्रकरणात, गुन्हा कितीही किरकोळ असो, वकील दिल्याशिवाय तुरुंगात पाठवता येणार नाही असं ठरवलं. पण १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने नुसता दंड झालेल्यांना या हक्कातून वगळलं. आपण ती वाट धरू नये. हातावर पोट असलेल्याच्या नावावर दंडाची शिक्षाही कायमची चिकटते.

म्हणून उच्च न्यायालयाने एक स्पष्ट परिपत्रक काढावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कबुली नोंदवण्याआधी 'वकील आहे का, नसल्यास मोफत वकिलाबद्दल सांगितलं का' ही नोंद रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारखेवार कामकाजाच्या नोंदीत, सक्तीची करावी. तालुका विधी सेवा समितीचा एक वकील रोज पुकाऱ्याच्या वेळी कोर्टात हजर ठेवावा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोकांना तहसीलला पिटाळणंही थांबवावं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १३ नुसार साधं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडीतले आरोपी यांना तर उत्पन्नाची अटच नाही. १५१०० हा मोफत मदतीचा क्रमांक प्रत्येक कोर्टाच्या आणि पोलीस ठाण्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावा.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जि. सातारा