टाकागी होण्याआधीचे जेम्स शिगेटा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हॉलिवूडच्या विस्मृतीत गेलेल्या नायकांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. डॅना अँड्र्यूज, जोएल मॅक्री यांची आठवण कुणीतरी काढली, बरं वाटलं. पण अभिनेते जेम्स शिगेटा यांचं नाव त्यात शोधूनही सापडलं नाही. लेखातले सगळे नायक काही वर्षं का होईना गाजले आणि मग मागे पडले. शिगेटांना गाजूच दिलं नाही, म्हणून हे पत्र.

सांगलीत १९८९पासून चौदा वर्षं माझी व्हिडिओ लायब्ररी होती. परत आलेली कॅसेट सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी थोडी लावून बघायची, चित्रावर पट्टे आले तर व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसायचं, हा रोजचा उद्योग. 'डाय हार्ड'ची कॅसेट कायम बाहेर असायची. ती तपासताना नेमके शिगेटांनी साकारलेले टाकागी समोर यायचे, नाकाटोमी कंपनीचे प्रमुख. बंदूकधारी ओलिसांमधून त्यांना शोधत फिरतात, त्यांच्या जन्मापासूनची माहिती मोठ्याने वाचून दाखवतात, आणि हा माणूस 'मीच टाकागी' म्हणत स्वतःहून पुढे येतो. थोड्याच वेळात खलनायक झालेला ॲलन रिकमन त्यांना गोळी घालतो. घाबरलेला पण न वाकणारा तो चेहरा मी शंभरदा तरी पाहिला असेल. मनात यायचं, हा नट असा दहा मिनिटांत मरायला आलेला वाटत नाही. याच्या उभं राहण्यात नायकाची ऐट आहे.

ती का आहे, हे लायब्ररी बंद झाल्यावर भाच्याने 'द क्रिमसन किमोनो'ची डीव्हीडी आणून दिली तेव्हा कळलं. दिग्दर्शक सॅम्युअल फुलरचा १९५९चा चित्रपट. लॉस एंजेलिसमधले दोन पोलीस डिटेक्टिव्ह, जो कोजाकू आणि चार्ली बॅनक्रॉफ्ट. कोरियाच्या युद्धात एकत्र लढलेले, एकाच घरात राहणारे. एका खुनाच्या तपासात क्रिस्टीन नावाची चित्रकार साक्षीदार म्हणून भेटते आणि दोघंही तिच्या प्रेमात पडतात. चार्ली गोरा, तर शिगेटांनी साकारलेला कोजाकू जपानी वंशाचा अमेरिकन. कोजाकू घरातल्या पियानोवर बसतो, वाजवता वाजवता तिच्याशी बोलतो. शिगेटांनी त्या प्रसंगात काही म्हणजे काही केलेलं नाही. आवाज खाली आहे, नजर मधूनच वर येते. माझ्या पत्नीने शेजारून विचारलं, "हे कोण? यांचे आणखी सिनेमे नाहीत का?"

पुढे दोघं मित्र केंडो खेळतात. बांबूच्या तलवारी, अंगावर चिलखत, तोंडावर जाळीचा मुखवटा. कोजाकू खेळ विसरून मित्राला अक्षरशः झोडपत सुटतो. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही, तरी नुसत्या खांद्यांवरून कळतं की हा माणूस आतून फाटलाय. त्याचं क्रिस्टीनवर प्रेम आहे हे कळल्यावर चार्लीचा चेहरा बदलतो आणि जोला त्यात वंशाचा तिटकारा दिसतो. फुलरचं म्हणणं असं की तो तिटकारा नव्हताच, साधा मत्सर होता, बाकी सगळं जोच्या मनाचे खेळ. शेवटी क्रिस्टीन जोचीच होते, आणि ते पडद्यावर दाखवायला त्या काळी हिंमत लागत होती. पण 'मनाचे खेळ' हे मला आजही पटत नाही. कारण त्याच चित्रपटाच्या जाहिरातीत विचारलं होतं, अमेरिकन मुलींना याचं असं कोणतं विलक्षण आकर्षण होतं? कोजाकू स्वतः अमेरिकन, ती भूमिका करणारे शिगेटा १९२९ साली अमेरिकेच्या हवाई बेटांवर होनोलुलूत जन्मलेले, अमेरिकेच्याच मरीन दलात नोकरी केलेले. आत पडद्यावर जोला सांगतात की तुझा गैरसमज झालाय, आणि बाहेरच्या पोस्टरवर तोच गैरसमज खरा करून दाखवतात!

१९६० साली शिगेटांना होतकरू नवोदिताचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला, जॉर्ज हॅमिल्टन, ट्रॉय डॉनाह्यू आणि बॅरी को यांच्याबरोबर. १९६१मध्ये 'ब्रिज टू द सन'मध्ये ते कॅरोल बेकरचे नायक होते, अमेरिकन बायको असलेले जपानी मुत्सद्दी. त्याच वर्षी 'फ्लॉवर ड्रम साँग'मध्येही नायक, आणि गायले स्वतः, कारण मुळात ते गायकच. जपानमध्ये गायक म्हणून त्यांचं चांगलं नाव झालं होतं. आणखी काय हवं होतं? पण त्याच १९६१मध्ये 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'मध्ये जपानी शेजारी म्हणून खोटे दात लावलेला गोरा नट मिकी रूनी होता, आणि लोक हसत होते. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत आंतरवंशीय विवाहाला बंदी होती. ती देशभरातून उठली १९६७ साली. अशा देशात प्रेमकथांचा नायक म्हणून या माणसाला कोण किती काळ उभं करणार? १९६६च्या एल्व्हिस प्रेस्लीच्या हवाईवरच्या चित्रपटात हवाईचाच हा सुपुत्र एल्व्हिसचा भागीदार झाला, मुलाबाळांचा बाप. पुढे टीव्ही मालिकांतली छोटी कामं, 'मिडवे' या युद्धपटात जपानी ॲडमिरल नागुमो, मग टाकागी. 'मुलान' या ॲनिमेशनपटातल्या जनरल लीचा आवाजही त्यांचाच. माझ्या नातीला तो आवाज पाठ आहे, माणूस माहीत नाही.

२८ जुलै २०१४ला ते गेले. त्या वेळी मी वाचलेल्या बातमीत 'डाय हार्डमधील अभिनेते' एवढीच ओळख होती.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात शिगेटांवर स्वतंत्र मजकूर द्यावा, ही कळकळीची विनंती. आणि फोटो टाकागींचा नको, पियानोपाशी बसलेल्या जो कोजाकूचा छापा.

आपला नियमित वाचक,
एक जुना व्हिडिओ लायब्ररीवाला, सांगली